शनिवारची साक्ष

प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या फैजान माझी कॉलर नीट करत होता. चौकशी त्याची होती. इस्त्रीचा शर्ट मात्र त्याने मला घालायला लावला होता, आणि तोही स्वतःचा.

"ताठ बस रे मनू. साक्षीदारासारखा दिस जरा. दात काढून घ्यायला आल्यासारखा बसलायस."

"मला बोलता येणार नाही," मी म्हणालो.

"येईल. तीन तर वाक्यं आहेत. दाखव हात."

मी डावा तळहात उघडला. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून त्या सकाळी मी बोलायचे मुद्दे पेनाने तळहातावर लिहून घेतले होते. आम्ही एका खोलीत राहतो. तो मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. आणि खाली, अंगठ्याच्या उंचवट्यापाशी, फक्त दोन शब्द : दीनाआत्याचा फोन.

"हे शेवटचं नीट सांग," फैजान म्हणाला. "बाकीचं कुणीही सांगेल. हे फक्त तुलाच ठाऊक आहे."

मी मनाशे सोगावकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे मराठी ज्यू, घर अलिबागला. फैजान उंद्रे आमच्याच बाजूच्या खाडीपलीकडचा कोकणी मुसलमान. पुण्यातल्या वसतिगृहात योगायोगाने एका खोलीत पडलो आणि पहिल्याच रात्री सुक्या बोंबलाच्या चटणीवरून मित्र झालो. मी मराठी घेऊन एम. ए. करत होतो, तो भूशास्त्राचा. जांभ्या दगडावर त्याचा प्रबंध चालू होता. आमच्या खिडकीत पुस्तकांपेक्षा त्याचे दगड जास्त होते.

त्या वर्षी तिकडे युद्ध पेटले. माझी दीनाआत्या लग्न होऊन फार पूर्वी इस्राएलमध्ये अश्दोदला गेलेली. तिचा मुलगा योआव राखीव सैन्यात. पहिल्या दिवशी मी सकाळपासून तिचा फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. फैजानने तास बुडवले, स्वतःच्या फोनमध्ये परदेशी बोलण्याचे पैसे भरले आणि माझ्या शेजारी बसून तोही नंबर फिरवत राहिला. शेवटी फोन त्याचाच लागला. आत्याचा आवाज ऐकताच मला रडू कोसळले. मग तोच बोलला.

"आत्या, मी फैजान. उंद्रे. रेवदंड्याकडचा. तुम्ही काही खाल्लंत का?"

आत्या कुठल्याशा तळघराच्या जिन्यावर बसली होती. मग ती हसली. "उंद्रे म्हणजे बोटवाल्या हमीदचा कोण रे तू?"

"नातू."

"मग बरोबर. तुझा आजा पण असाच. समुद्र खवळलेला असला तरी आधी जेवलात का विचारायचा."

दीनाआत्याचा फोन, तो हा.

पुढे काही आठवड्यांनी फैजानने त्याच्या इन्स्टाग्रामवर एक छायाचित्र टाकले. त्या युद्धात पलीकडच्या बाजूला पडलेली शाळेची भिंत, तिच्याखाली दप्तरे. वर त्याने एवढेच लिहिले होते : "यांची नावं आपल्यापर्यंत येणारही नाहीत. यांच्यासाठी आज माझा रोजा." टाकण्याआधी त्याने ते मला दाखवले होते. "तुला लागेल असं काही आहे का यात?" मी नाही म्हणालो, आणि ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी 'कॅम्पस प्रहरी' नावाच्या एका निनावी पानाने ते छायाचित्र उचलले आणि त्याच्याशेजारी माझे लावले. चुलतबहिणीच्या लग्नातले, डोक्यावर टोपी घातलेले. खाली ओळ : "हा मुलगा कुणाच्या शेजारी झोपतो, बघा." संध्याकाळपर्यंत ते शहरभर फिरले. ज्यू विद्यार्थ्याच्या जिवाला धोका आहे, अशी तक्रार महाविद्यालयाकडे गेली. ती करताना मला कुणी विचारले नव्हते. समिती बसली. फैजानला वसतिगृहातून काढायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्या एवढ्याशात त्याचे वर्ष होते. त्याने आधीच गुपचूप बाहेर खोल्या पाहिल्या होत्या. फोनवर रिकाम्या असलेल्या खोल्या त्याचे नाव ऐकल्यावर भरलेल्या निघत.

आणि मी? मला शाळेपासून कुणी मोठ्याने हाक मारलेली आठवत नाही. वर्गात माझी हजेरी लावायला शिक्षक विसरत. त्या पानाखाली शेकडो अनोळखी माणसे मला भाऊ म्हणत होती, शूर म्हणत होती. मी ते वाचत राहिलो. 'हे खोटे आहे, तो माझा मित्र आहे' ही ओळ मी टंकली आणि पुसली. पुन्हा टंकली, पुन्हा पुसली. पाठ करून पलीकडे झोपलेल्या फैजानने विचारले होते, "लिहिलंस का रे काही तिथं?"

"लिहितो," मी म्हणालो होतो.

बाकावर आमची कुजबुज चालू असतानाच जिन्यावरून ओवी खांडगे आली. 'चौक' या अभ्यासगटाचे पान ती चालवायची. फैजानच्या बाजूने सह्या गोळा करत ती आठवडाभर फिरत होती.

"मनाशे, ऐक. आत लेखी घेतात. सही झाली की कागदाचा फोटो आधी मला. 'ज्यू रूममेटची साक्ष'. पोस्ट तयार आहे, फक्त फोटो चिकटवायचा बाकी आहे."

"ओवी, त्याला घाबरवू नकोस," फैजान म्हणाला.

"घाबरायचं काय त्यात? हिरो होणार आहे तो आज."

"कालपर्यंत त्यांचा होता, आज आपला," फैजान हसत म्हणाला. "काय रे मनू, मानधन घेतोस की नाही?"

मीही हसलो. पण माझ्या कानात आदल्या दुपारचा बाबांचा फोनवरचा आवाज होता. "फैजान गुणी पोर आहे, मी नाही कुठं म्हणतो? पण आपण या किनाऱ्यावर इतक्या पिढ्या राहिलो, आपल्याला कुणी बोट लावलं नाही. का? दुसऱ्याच्या भांडणात आपण कधी ओट्यावर उभे राहिलो नाही म्हणून. योआव तिथं रणगाड्यात बसलाय, मनू. तुझी सही असलेला कागद उद्या त्याच्या आईच्या फोनवर जाईल. काय वाटेल तिला?"

शिपायाने दार उघडले. फैजानने माझ्या पाठीवर हलकीच थाप मारली, आणि आम्ही आत गेलो.

लांब टेबलापलीकडे अध्यक्ष म्हणून डॉ. सुलभा गोडांबे होत्या, शेजारी प्रा. सबनीस. गोडांबे मॅडमचा चेहरा थकलेला आणि चांगला होता. मला पाहून त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"बस, बाळ. घाबरू नकोस. या मुलाकडून तुला कधी त्रास झाला आहे का?"

"नाही."

"धमकी? टोमणे?"

"नाही, मॅडम."

इतके मी बोललो. मुद्दे तळहातावर होते, आणि तळहात मांडीवर उघडा होता.

"मग प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास सोडला. एक कोरा कागद आणि पेन त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "हेच तुझ्या शब्दांत लिही आणि सही कर. तक्रार तुझ्या नावानं आहे. तूच नाही म्हणालास तर आम्ही कारवाई कशाच्या आधारावर करणार?"

"एक मिनिट," सबनीस म्हणाले. "फैजान यांनी जे प्रसिद्ध केलं त्याच्याशी तुम्ही सहमत आहात की असहमत, तेही त्यात येऊ द्या. नाहीतर उद्या दोन्ही बाजू आम्हाला विचारतील."

"सर, त्याचा काय संबंध?" फैजान म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. मी त्यांना विचारतोय."

मी पेन उचलले नाही. कागद फार पांढरा होता. त्याच्यावर मला अक्षरे उमटण्याआधीच दिसू लागली. खाली माझी सही, आणि मग तो कागद ओवीच्या पानावर, प्रहरीच्या पानावर, लाल वर्तुळे आणि बाण काढलेला. आत्याच्या फोनवर, योआवच्या फोनवर. ज्या माणसांनी मला भाऊ म्हटले होते त्यांच्या तोंडी आता दुसरे काय येईल, तेही दिसले. खोलीत पंख्याचा आवाज होता. सगळे माझी वाट पाहत होते.

मी डावी मूठ मिटली.

"मॅडम," मी म्हणालो, "आज शनिवार आहे."

"हो. मग?"

"आमचा शब्बाथ. आम्ही शनिवारी लिहीत नाही. धर्मात मनाई आहे."

माझा आवाज इतका स्वच्छ निघाला की मलाच नवल वाटले. सबनीस मागे टेकले. गोडांबे मॅडमचा हात पेनाकडे गेला, आणि त्यांनी ते हळूच, एखादी अपवित्र वस्तू काढून घ्यावी तसे परत घेतले.

"अरे, मला कल्पना नव्हती. माफ कर हं." मग त्या थांबल्या. अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. सोमवारी दोन्ही गटांचे मोर्चे प्रवेशद्वारावर येणार होते आणि त्याआधी प्रकरण मिटवा असे वरून सांगणे होते. त्यांनी फैजानकडे पाहिले. "तुम्ही याच्याबरोबर राहता. हे असंच असतं का? म्हणजे हा पाळतो?"

फैजान माझ्याकडे वळला.

गेल्याच शनिवारी मी त्याच्या दगडांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, कारण त्याचे अक्षर त्यालाच लागत नसे. माझे सगळे निबंध शनिवारीच पुरे होत. आणि त्या क्षणी, त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याच शर्टाच्या बाहीखाली माझी मूठ होती आणि मुठीत शाई होती. त्याने मुठीकडे पाहिले. त्याला फक्त एवढेच म्हणायचे होते : मनू, हात उघड.

"हो, मॅडम," फैजान म्हणाला. "शनिवारी तो पेनाला हात लावत नाही."

"नक्की?"

"आमच्या बाजूला सगळ्यांना माहीत आहे. याचे वडीलही लावत नाहीत."

बाबांच्या बाबतीत ते खरे होते. मॅडमनी मान हलवली आणि स्वतःच काहीतरी लिहिले. सबनीसांनी ते मोठ्याने वाचले : "संबंधित विद्यार्थ्याने लेखी निवेदन दिले नाही." नंतर ते मला म्हणाले, आणि त्यात खरा आदर होता, "आजकालच्या मुलांत एवढी श्रद्धा पाहायला मिळत नाही."

दुपारी सूचना लागली. वसतिगृहातील शांतता अबाधित राहावी म्हणून फैजान उंद्रे याचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत रद्द; सायंकाळपर्यंत खोली सोडावी.

मी खोलीत गेलो तेव्हा तो दगड वर्तमानपत्रात गुंडाळत होता. एकेक दगड हातात घेई, त्याच्यावरची माझ्या अक्षरातली चिठ्ठी वाची, गुंडाळी.

"मी आत्ता लिहितो," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता जाऊन मॅडमना देतो. सांगतो की मी खोटं बोललो."

"नको."

"का नको? अजून वेळ गेलेली नाही."

"डोकं आहे का तुला?" त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. "तू खोटं बोललास, तर मीही बोललो. मला विचारलं होतं त्यांनी. आत्तापर्यंत मी फक्त बेशिस्त आहे. तू आता कागद घेऊन गेलास की खोटारडा ठरेन. मग वर्ष काय, कॉलेजच जाईल."

मी दारातच उभा होतो. "तू का तसं सांगितलंस?"

त्याने पुढचा दगड उचलला.

"काय सांगणार होतो दुसरं? तुझे ओठ पांढरे पडले होते. एकाला बाहेर काढायला बसले होते. दोघांची शोभा कशाला?" मग त्याने दगड पेटीत टाकला, ठेवला नाही, टाकला. "आणि शहाणा समजू नकोस मला. इतका राग आला होता ना मनू, की वाटलं तुझी ती मूठ धरून टेबलावर आपटावी. तीन वाक्यं होती रे. तीन."

ओवी खालून माझा फोन पुन्हा पुन्हा वाजवत होती. मी तो उशीखाली सारला. तळहातावरची शाई घामाने फुटून निळा डाग झाली होती. मी मोरीत जाऊन हात चोळत राहिलो. ती लवकर जात नव्हती.

निघताना मी त्याची दगडांची पेटी उचलायला वाकलो. व्हरांड्यात रेक्टर किल्ल्या घेऊन उभे होते.

"राहू दे," फैजान मोठ्याने म्हणाला. "शनिवारी तुम्ही लोक ओझं उचलत नाही ना?"

आणि त्याने ती जड पेटी स्वतःच खांद्यावर घेतली. रेक्टर कौतुकाने माझ्याकडे पाहत होते. तो टोमणा होता की मला शेवटचे सांभाळून घेणे, हे मला आजपर्यंत ठरवता आलेले नाही. जिन्याच्या वळणावर तो थांबला. तो वळून बघेल असे मला वाटले. पण त्याने फक्त पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

शब्बाथ संपतो तो आकाशात तीन तारे दिसले की. लहानपणी बाबा मला अंगणात उभे करून ते मोजायला लावत. पुण्यात मी ताऱ्यांकडे कधी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी मी गॅलरीत कोरा कागद घेऊन बसलो. शहराचा उजेड आभाळावर धुरासारखा पसरला होता. एक तारा दिसला, मग पाण्याच्या टाकीवर दुसरा. तिसऱ्यासाठी मी किती वेळ मान वर करून बसलो ते सांगता येणार नाही. शेवटी तो दिसला, की दिसला असे मीच मानले. आणि मी लिहायला घेतले. वाक्ये एकामागून एक येत गेली. दीनाआत्याचा फोन, तळघराचा जिना, बोटवाला हमीद, सगळे त्यात आले. माझ्या हातून तेवढे सरळ, नितळ मराठी त्याआधी कधी लिहून झाले नव्हते. ते वाचून मला माझीच शिसारी आली.

रेक्टरांनी कागद पाहिला आणि परत दिला. "कार्यालय सोमवारी उघडेल. पण खोलीतली ती जागा आजच दुसऱ्याला दिली गेली, बरं का." सोमवारी गोडांबे मॅडमनी तो वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला. "हे शनिवारी हातात असतं तर," एवढेच म्हणाल्या आणि त्यांनी तो फाइलला लावला.

ओवीने त्याचा फोटो पानावर टाकला. मला कसली भीती होती? प्रहरीवाल्यांनी मला 'विकला गेलेला' म्हटले. दोन दिवस कुणी काही, कुणी काही लिहिले. मग कुठल्याशा प्राध्यापकाची ध्वनिफीत बाहेर आली आणि सगळे तिकडे धावले. आठवड्याने अश्दोदहून फोन आला. तो कागद आत्यापर्यंत पोचला होता.

"बरं लिहिलंयस," ती म्हणाली. "मी योआवलाही वाचून दाखवलं. त्या हमीदच्या नातवाला माझा आशीर्वाद सांग हो. आहे का तिथं? दे की फोन."

"बाहेर गेलाय," मी म्हणालो.

फैजानचे ते वर्ष गेले आणि पुढचेही त्याने घेतले नाही. मस्कतला एका रस्तेबांधणीच्या कंपनीत लागला, असे त्याच्या बहिणीकडून कळले. ईदला मी संदेश पाठवतो. तो उत्तर देतो : "शुक्रिया, तुलाही." मला कधी आमच्या हनुक्का सणाच्या शुभेच्छा येतात, अगदी बरोबर तारखेला.

मी आता ठाण्याला असतो. एका प्रकाशनगृहात मुद्रिते तपासतो. शनिवारी मी कामाला जात नाही. त्या दिवशी मी पेनाला हात लावत नाही. मुलाखती गेल्या, एक बढती गेली, पण लावला नाही. सिनेगॉगमध्ये म्हातारी माणसे मला पुढच्या रांगेत बसवतात. बाबांना तर अपार आनंद आहे. मागच्या खेपेस आले तेव्हा शुक्रवारी सूर्य कलताच मी टेबलावरची मुद्रिते उचलून ठेवली, पेनाला टोपण लावले. ते दारातून पाहत होते.

"मी तुला कधी सक्ती केली नाही," ते म्हणाले. "हॉस्टेलात तर तू काहीच पाळत नव्हतास, मला ठाऊक होतं. मग कुणी लावलं हे वळण?"

मी शब्बाथचा दिवा लावत होतो. बाबांकडे पाठ होती, ते बरे होते. श्रद्धेतले मला काही कळत नाही. एका माणसाने एकदा, मी त्याच्यासाठी उभा राहिलो नसताना, माझ्याबद्दल साक्ष दिली होती. ती खोटी पडू नये एवढेच मी आता पाहतो.

"फैजाननं," मी म्हणालो.